पलीकडचं टोक

१

नेटवर्क बंद पडलं की लोक आधी पेटी बंद करून चालू करतात, मग एकमेकांवर खेकसतात आणि सगळं करून दमले की दादाला फोन करतात. बावीस वर्षं दादा हेच काम करत होता. इतक्या वर्षांत त्याचा एक सिद्धांत पक्का झाला होता. दहातल्या नऊ वेळा दोष यंत्रात नसतो, माणसात असतो. फरशी पुसणाऱ्या बाईचा फडका प्लगला लागतो, साहेबांच्या खुर्चीचं चाक केबलवरून जातं, नाहीतर एखादा उत्साही प्राणी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच पेटीत खुपसून मोकळा होतो. दहाव्या वेळी खरंच यंत्र बिघडलेलं असतं. ते बदललं की विषय संपला. अकरावी वेळ त्याच्या हिशेबात नव्हतीच.

सोमवारी सकाळी आलेला फोन मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता, धाकट्या बहिणीचा होता. घरात तिला सगळे चिमणी म्हणत, आणि ती चाळिशीला टेकली तरी ते नाव काही तिला सोडत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागली होती.

“दादा, रोज चार वाजून दहा मिनिटांनी आमचं नेट जातं. सहा-सात मिनिटांनी आपलं आपण येतं.”

“वायफाय जातं की वायरवरचं?”

“फोन सगळ्यांचे चालतात. वायरवरची मशीनंच झोपतात. दाताचा फोटो एका खोलीत काढतात, तो दुसऱ्या खोलीत पोचतच नाही. पेशंट बिचारा आ वासून बसलेला, आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतात, जसा काही मीच तो फोटो गिळला.”

दादा मोठ्याने हसला. हसू विनोदाचं कमी आणि सुटकेचं जास्त होतं. वर्षभरापूर्वी ही मुलगी विनोद करायच्या अवस्थेत नव्हती.

तेव्हा तिला तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी सामान सरकवताना ऐकू यायचं. वरचं घर कुलूपबंद होतं. दादाने किल्ली मिळवून, वर जाऊन, चारही खोल्या पाहिल्या होत्या आणि खाली येऊन सांगितलं होतं, की कुणी नाही, भास आहे. सगळ्यांनीच तसं सांगितलं. मग नोकरी गेली, गोळ्या सुरू झाल्या आणि आठ महिने पडदे ओढलेल्या खोलीत गेले. त्यातून उठल्यावर तिने दादाकडे एकच मागणं मागितलं होतं. “माझ्या कानांवर आता माझा भरवसा नाही. तुझ्यावर आहे. तू जे बघशील ते मला खरं सांगायचं. चांगलं असो, वाईट असो, लपवायचं नाही.” दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. त्या एका शब्दाला धरून ती पुन्हा उभी राहिली होती, आणि हे दादाला चांगलं ठाऊक होतं.

२

त्याच संध्याकाळी दादा तिकडे गेला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. चार खोल्या, पांढऱ्या फरश्या आणि लवंगेच्या तेलासारखा वास. रिसेप्शनच्या टेबलामागे, सहा पावलांवर, एक अडगळीची खोली होती. खोली म्हणजे जेमतेम कपाट, एक माणूस आत गेला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. तिथे भिंतीवर सोळा खोबणींची पेटी बसवलेली होती. दवाखान्यातली प्रत्येक केबल तिथे येऊन मिळत होती.

अकरा केबल्सना चिमणीने स्वतः चिठ्ठ्या लावल्या होत्या. फोटोचं मशीन, बाईंचा कॉम्प्युटर, प्रिंटर, असं मोत्यासारख्या अक्षरात. बाराव्या खोबणीत एक राखाडी केबल होती, तिला चिठ्ठी नव्हती.

“ही कुणाची?”

“आम्ही इथं आलो तेव्हापासून आहे. कुणालाच माहीत नाही. मी कुणाचं नाव लिहू?”

बाराव्या खोबणीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. हा दिवा फुकट लागत नाही. पलीकडच्या टोकाला काहीतरी जोडलेलं आणि जागं असेल तरच लागतो.

दादाने केबल काढून टेस्टरला लावली. हा टेस्टर केबलमध्ये एक टिचकी सोडतो आणि ती पलीकडच्या टोकावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल आहे ते ओळखतात तसं. पडद्यावर आकडा आला. एकसष्ट मीटर. खाली ओळ होती, की पलीकडचं टोक मोकळं आहे, त्याला काही जोडलेलं नाही.

दादाने टेस्टरला दोन चापट्या मारल्या. दिवा म्हणत होता पलीकडे कुणीतरी आहे, टेस्टर म्हणत होता कुणी नाही. त्याने पुन्हा मोजलं. एकसष्ट. टोक मोकळं.

‘आधीच्या भाडेकरूचं असेल काहीतरी,’ तो स्वतःशी म्हणाला. जुन्या इमारतींमध्ये अशा बेवारशी केबल्स ढिगाने असतात, आणि त्यांच्यासाठी या धंद्यात एक रामबाण उपाय आहे. केबल काढायची आणि स्वस्थ बसायचं. तिच्यावर कुणाचं काही चालत असेल तर तो आपणच बोंब मारत येतो. दादाच्या गुरूने त्याला हे शिकवलं होतं, त्याच्या गुरूने त्याला. हजार केबल्सचा पत्ता दादाने याच पद्धतीने लावला होता.

“ही मी काढून ठेवतो,” त्याने चिमणीला सांगितलं. “कुणी ओरडलं तर परत लाव आणि मला कळव. नाही ओरडलं तर समज, मेलेली आहे.”

“कुणी ओरडलं तर लावायची,” चिमणीने शाळेतल्या मुलीसारखं घोकून घेतलं. दवाखान्यात आल्यापासून ती कुठलंही काम सांगितल्याबरहुकूम करायची. त्यातच तिला धीर वाटायचा.

३

मंगळवारी साडेचारला तिचा फोन आला. आवाज शांत होता, जरा जास्तच शांत.

“दादा, मी वायर परत लावली.”

“का गं? कुणाचं काही बंद पडलं? कोण आलं होतं?”

“आलं नाही कुणी. ओरडलं.”

“फोनवर?”

“नाही. आत. अडगळीच्या खोलीत. चार वाजून दहा मिनिटांनी. तू म्हणाला होतास ना, कुणी ओरडलं तर लाव. म्हणून लावली. मग थांबलं.”

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं आणि त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

“काय ओरडलं?”

“शब्द नाही कळले. आपण दुसऱ्या खोलीतून विचारतो ना, ‘अरे, कुणी काढली?’ तशा सुराचं होतं.” मग ती म्हणाली, “दादा, तू येऊन बघ. आणि मला सांग.”

वाटेत त्याने आईला फोन केला. करायला नको होता, पण असल्या वेळी माणूस आईलाच फोन करतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एक दीर्घ सुस्कारा सोडला.

“तिला घाबरवू नकोस हं. काहीतरी साधंसुधं कारण सांगून टाक. जरा कुठं सावरलीय पोरगी. पुन्हा त्या खोलीत जाऊन बसली तर मला नाही बघवणार आता.”

“पण कारण सापडलं तर सांगू ना, आई.”

“नाही सापडलं तर शोधून काढ. इतकी वर्षं लोकांची कारणं शोधतोस, बहिणीचं एक शोधता येत नाही?”

४

पेटीपाशी पोचल्यावर दादाने पहिल्यांदा ती केबल मोजली.

त्रेचाळीस मीटर.

त्याने पिशवीतून पाच मीटरचा नवा तुकडा काढून मोजला. पाच आला. चिमणीच्या चिठ्ठ्यांच्या केबल्स एकेक करून मोजल्या. कालचे आकडे त्याने वहीत टिपले होते, ते तंतोतंत जुळले. फक्त ही एकच एका दिवसात अठरा मीटर आखडली होती. केबल काही कापड नाही, धुतल्यावर आटायला. म्हणजे पलीकडून कुणीतरी कापत होतं. साधी गोष्ट. दादाला एकदम हायसं वाटलं. कापणारा माणूस आहे, म्हणजे ओरडणाराही माणूस आहे.

त्याने टोनर काढला. केबल शोधायची ही जोडगोळी असते. एक डबी केबलच्या टोकाला चिमट्याने अडकवायची, ती आतून कुंई-कुंई असा सूर सोडत राहते. दुसरी कांडी हातात घेऊन भिंतीवरून फिरवायची. केबल जिथून गेली असेल तिथे कांडीत तो सूर ऐकू येतो.

सुरामागोमाग दादा वर गेला. केबल नळांच्या शाफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर चढली होती. तिथला बोळ रिकामा होता, खोल्यांना कुलपं होती आणि धुळीत त्याच्याशिवाय कुणाच्या पावलांचे ठसे नव्हते. सूर भिंतीतून बोळाच्या टोकापर्यंत गेला आणि बाहेरच्या भिंतीशी जाऊन संपला. दादाने पेटीपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. पंचवीस मीटर. उरलेले अठरा मीटर कुठे होते? त्याने शेजारच्या खिडकीतून मान बाहेर काढली. भिंतीबाहेर पन्हाळी होती, कबुतरं होती आणि तीन मजले खाली गाड्या उभ्या होत्या. केबल नव्हती.

खाली वॉचमन खुर्चीत बसून पंख्याचा वारा खात होता.

“वर कुणी काम करतंय का?” दादाने विचारलं. “वायरिंग, रंगरंगोटी, काही?”

“वर? वरचा मजला दीड वर्ष बंद आहे साहेब. पाखरू फिरकत नाही. किल्ल्या माझ्याकडं, आणि मी इथं.”

“भंगारवाला वगैरे?”

“माझ्या नजरेखालून भंगारवाला वर गेला तर उद्या मलाच भंगारात घाला.”

दादा जिना चढून परत आला तेव्हा चिमणी टेबलाशी ताठ बसली होती. समोर पेशंटची नोंदवही उघडी होती, पण ती तिच्याकडे बघत नव्हती. तिने दोन्ही हात मांडीवर असे ठेवले होते, जणू निकाल ऐकायला बसलीय.

“सापडलं?”

त्याच्या तोंडावर आलं होतं, ‘मला कळत नाही.’ तेवढं म्हटलं असतं तरी शब्द पाळल्यासारखं झालं असतं. पण तिचे ते हात पाहिले आणि आईचा सुस्कारा आठवला.

“सापडलं की,” दादा म्हणाला. “वर एक भंगारवाला जुन्या केबल्स कापून नेतोय. आपण ही काढली तसा तोच ओरडला. शाफ्टमधून आवाज खाली येतो.”

“तू पाहिलास त्याला?”

“पाहिला म्हणजे? बोललोसुद्धा. भला माणूस आहे.”

तिचे खांदे खाली आले. डोळ्यांत पाणी तरळलं, ते तिने पालथ्या हाताने पुसलं आणि हसली. “म्हणजे खरंच कुणीतरी ओरडलं. मला भास नाही झाला.”

“छे! अजिबात नाही.”

घरी जाताना दादाला पुण्य केल्यासारखं वाटलं. एवढंसं खोटं, आणि केवढं काम झालं! रात्रभर मात्र ते उरलेले अठरा मीटर त्याच्या डोक्यातून जाईनात.

५

बुधवारी त्याला दुसरीकडे काम होतं. गुरुवारी दुपारी, डॉक्टरीणबाई जेवायला गेल्यावर, तो पुन्हा पेटीसमोर उभा राहिला. हातात टेस्टर होता आणि आकडा वाचायचं धाडस होत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

एकोणीस मीटर.

बाहेरच्या भिंतीपर्यंतच पंचवीस होते. म्हणजे ते टोक आता इमारतीच्या आत आलं होतं.

दादा स्वतःला समजावत राहिला. टेस्टर जुना झाला असेल. केबल ओली असेल. शाफ्टमध्ये उंदरांनी कुरतडली असेल. उंदीर काय, रोज नव्या जागी कुरतडतील. समजावून झालं की तो त्याच आकड्यापाशी येऊन थांबायचा. शेवटी म्हणाला, आधी केबल भिंतीत डावीकडे जाते की उजवीकडे ते तरी बघू, आणि त्याने कांडी केबलजवळ नेली.

कांडी वाजायला लागली.

तो सवयीने पुढे सरकला, कांडी भिंतीवर टेकवली, सूर पक्का झाला. मग त्याच्या लक्षात आलं, की सूर सोडणारी डबी त्याने अजून लावलेलीच नाही. त्याने पिशवी उघडली. डबी तळाशी होती, बंद. त्याने तिचा सेल काढून खिशात टाकला. कांडी वाजतच होती.

आणि तो सूर त्याच्या डबीचा नव्हताच. त्याची डबी दोन सुरांत बोलायची. हे तीन सूर होते, खालून वर चढणारे. थोडा वेळ वाजले, थांबले. मग पुन्हा वाजले, थांबले. दादा असंच करायचा, एक केबल तपासली की डबी काढून दुसरीला लावायची, मग तिसरीला.

पलीकडे कुणीतरी टोक शोधत होतं.

आता त्याला सगळंच उलट्या बाजूने दिसायला लागलं. रोज चारनंतर सहा-सात मिनिटं नेट का जायचं? पलीकडच्याला हीच केबल बिनचिठ्ठीची, ती काढायची, तपासायची आणि जागेवर लावायची, याला जपून काम करणाऱ्या माणसाला तेवढीच मिनिटं लागतात. आणि सोमवारी दादाने केबल काढून ठेवली, तेव्हा ज्याचं काम बंद पडलं तो मंगळवारी ओरडला होता. या धंद्याच्या रीतीप्रमाणेच.

त्याने केबल उपटली आणि तिची वेटोळी फरशीवर टाकून दिली. दिवा विझला. दाराला कुलूप घालून त्याने किल्ली आपल्या खिशात टाकली.

“उद्या सुट्टी घे,” तो चिमणीला म्हणाला.

“उद्या? उद्या दुपारी बाईच नाहीत. मला फोन घ्यायला थांबायलाच हवं. का रे?”

“उगाच. दमलेली दिसतेस.”

“दमले नाही. चार महिन्यांत एक खाडा नाही केला मी.” तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “काही झालंय का?”

आता सांगायचं तर मंगळवारचंही सांगावं लागलं असतं. खोटं बोललं की ते निस्तरायला आणखी चार खोटी बोलावी लागतात, हे तो स्वतःच्या पोरांना शिकवत आला होता.

“काही नाही. तो भंगारवालाच. आणि ऐक, कुणी ओरडलं तरी ती केबल लावायची नाही. मला फोन करायचा.”

“लावणार कशी? किल्ली तर तुझ्या खिशात,” चिमणी म्हणाली आणि पेशंटचा फोन उचलला.

६

शुक्रवारी तिचा फोन आलाच नाही. दादाने तीनला केला, लागला नाही. पावणेचारला केला, लागला नाही. हातातलं काम तसंच टाकून तो निघाला, आणि दोन मजले चढेपर्यंत त्याला आपल्या वयाची जाणीव झाली.

दवाखान्याचं दार उघडं होतं. आत लख्ख ऊन होतं. चिमणी टेबलाशी बसून उजव्या हाताने सोमवारच्या पेशंटची यादी लिहीत होती. चेहरा अगदी ताजा होता. दादाला इतकं बरं वाटलं, की तो दारातच भिंतीला टेकला.

“फोन का उचलत नाहीस?”

“पर्समध्ये राहिला, आणि मला उठता येत नाही ना. हळू ये हं दादा, वायरवर पाय देऊ नकोस.”

तेव्हा त्याने खाली पाहिलं. अडगळीच्या खोलीच्या दाराखालून राखाडी केबल बाहेर आली होती. पांढऱ्या फरशीवरून सैल वळणं घेत ती टेबलापर्यंत गेली होती, आणि तिचं टोक चिमणीच्या डाव्या मुठीत होतं.

दाराचं कुलूप जागच्या जागी होतं. दादाने खिसा चाचपला. किल्ली होती.

“तुझा माणूस आलाय,” चिमणी म्हणाली. “तीनपासून आतून बोलतोय.”

“कुठला माणूस?”

“भंगारवाला रे! आतून दार वाजवलं त्यानं. मी विचारलं, कोण? तर म्हणाला, वायरीचं काम आहे. मी विचारलं, दादांनी पाठवलंय का? जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘हो, दादांनी.’” ती हसली. “खरं सांगू? आधी मी घाबरले होते. मग म्हटलं, चिमणे, झालं का तुझं पुन्हा सुरू? दादानं स्वतः पाहिलंय त्याला. किल्ली दादाकडे आहे, म्हणजे सकाळी मी यायच्या आधी दादानंच आत सोडलं असणार.”

दादाने तिच्या मुठीकडे बोट दाखवलं. “आणि ही केबल?”

“त्यानंच दाराखालून सरकवली. म्हणाला, टोक धरून बसा, मी पलीकडून येतो. सोडायचं नाही म्हणाला. मघाशी पाणी प्यायला एकदा सोडलं, तर केवढ्यांदा ओरडला! मी पुन्हा धरलं तेव्हा कुठं शांत झाला.”

खोलीच्या दिव्याचं बटण दाराबाहेर होतं. ते बंद होतं. दाराखालच्या फटीत काळोख होता.

“चिमे,” दादा म्हणाला. “मी खोटं बोललो.”

“काय?”

“मंगळवारी. मी वर कुणालाही पाहिलं नाही. भंगारवाला नाही, कुणी नाही. तुला त्रास होईल म्हणून बनवून सांगितलं. मी आज कुणाला पाठवलं नाही. ते टोक सोड आणि चल माझ्याबरोबर.”

चिमणी हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताजेपणा हळूहळू उतरला आणि पडदे ओढलेल्या खोलीतला तो जुना चेहरा वर आला. ते पाहून दादाला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

“वरच्या घरात आवाज यायचे तेव्हा तू म्हणालास, कुणी नाही,” ती म्हणाली. “मंगळवारी म्हणालास, आहे. आता पुन्हा नाही म्हणतोस. दादा, मी तू म्हणशील ते मानते. कान माझे असले तरी मी तुझ्याच कानांनी ऐकते आता. पण एकच काय ते सांग. आत कुणी बोललं माझ्याशी, की नाही बोललं?”

जो शब्द मोडला त्याच शब्दाच्या जोरावर आता हिला उठवायचं होतं. दादाने पिशवीतून टेस्टर काढला, तिच्या मुठीबाहेर डोकावणारा प्लग त्यात बसवला आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

“माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. यंत्र कुणाचा भाऊ नसतं. पलीकडचं टोक किती लांब आहे ते हे सांगतं. तूच वाच.”

“एक पॉइंट चार,” चिमणीने वाचलं.

“आणि ते दार किती लांब आहे?”

तिने दाराकडे पाहिलं. सहा पावलं. तीन मीटरच्या वर. पडद्याकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे. मग दोघांचीही नजर एकाच वेळी फरशीवर आली.

केबल सैल पडली होती, सगळीकडे फरशीपासून किंचित उचललेली. फक्त एका ठिकाणी ती फरशीला घट्ट चिकटून दाबली गेली होती, वीतभर, कुणाचा पाय पडल्यावर दाबली जाते तशी. ती जागा दाराच्या अलीकडे होती. ते बघत असतानाच तिथली केबल सैल झाली, आणि थोडी आणखी अलीकडे दाबली गेली.

टेस्टरवरचा आकडा बदलला. शून्य पॉइंट सहा.

दादाने टेस्टर हिसकून काढला. “सोड!”

“सोडलं की ओरडतो तो.”

“ओरडू दे! सोड, चिमे, मी आहे इथं!”

तिने दादाकडे पाहिलं. लहानपणी नदीच्या पाण्यात उतरताना पाहायची तसंच पाहिलं, आणि मूठ उघडली.

कुणी ओरडलं नाही.

टोक खाली पडलं नाही. उघड्या तळहातापासून बोटभर वर ते तसंच राहिलं, अलगद, जपून धरल्यासारखं.

चिमणीने हात हळूच मागे घेतला. तिचा श्वास लागला होता, पण आवाज स्थिर होता.

“दादा,” ती म्हणाली, “दिसतंय ना तुला?”

या खेपेला दादाने खरं सांगितलं.